टेपर धुळीसाठी नव्हता, मामा

मामा, तू गेलास त्याला आज बारा दिवस झाले आणि मला अजून धड रडता आलेलं नाही. रडायला बसलो की मध्येच राग येतो, आणि माझ्यासारखा ढेरपोट्या माणूस रागात रडायला लागला की काही भलतंच दिसतं. परवा भेटायला आलेल्या एका बाईंनी माझ्या तोंडाकडं बघून विचारलं, "ॲसिडिटी झालीया काय?" मी हो म्हणालो. काय सांगणार?

तुझा जन्म कधीचा, शिक्षण किती, मागं कोण कोण, हे मी लिहिणार नाही. तुला ते माहीत आहे. मी बसलोय ते आपलं भांडण पुरं करायला. गेले सात-आठ महिने आपण भांडत होतो आणि दर वेळी तू "जाऊ दे की" म्हणून रंधा उचलायचास. आता तू कायमचाच उठून गेलास. म्हणजे शेवटचं वाक्य तुझं झालं, असं तुला वाटत असेल. तसं नाही.

भांडण वाचणाऱ्याला कळायचं तर तुझा धंदा आधी सांगायला हवा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या बोळात तुझं दहा बाय बाराचं दुकान. लोखंडाचा, ॲल्युमिनियमचा कुठलाही ओतीव भाग आधी लाकडात जन्मतो. ते लाकूड वाळूत दाबायचं, अलगद वर काढायचं, उरलेल्या पोकळीत तापलेला रस ओतायचा. ते लाकूड करणारा तू, पॅटर्नमेकर. यात दोन गोष्टी सांभाळायच्या. रस थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा जरासा मोठा करायचा. हे झालं श्रिंकेज. आणि लाकूड वर काढताना वाळू ढासळू नये म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना किंचित उतार ठेवायचा. तो टेपर.

श्रिंकेजसाठी तुझ्याकडं एक पोलादी पट्टी होती. तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा केसभर मोठा. पट्टीवर बघून कापलं की वाढीव माप आपोआप पडायचं. हे मला पंधरा वर्षांपूर्वी माहीत नव्हतं. मी ती पट्टी न विचारता घरी नेली, स्वयंपाकघरातल्या कपाटासाठी भिंत मोजली आणि सुताराला माप दिलं. कपाट आलं तर बाजूला दोन बोटं जातील एवढी फट. झुरळांची अजून तिथं वहिवाट आहे. तू पोट धरून हसलास आणि म्हणालास, "आज्या, तुझ्या गोष्टींनाबी श्रिंकेज धरत जा की. गरम असत्यात तवर हत्ती, थंड झाल्या की उंदीर."

म्हणून ही गोष्ट मी थंड करून सांगतोय. जमेल तेवढी.

दोन वर्षांपूर्वी ती मंडळी आली. बंगळूरची खाजगी कंपनी, चंद्रावर चालणारी छोटी गाडी बनवणारी. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. आणि चाकांचं खातं बघणारा तो पस्तिशीचा साहेब, मूळचा पुण्याकडचा, त्याचंही नाव लिहीत नाही. त्यांनी तुझं नाव जिथं लिहायला हवं होतं तिथं लिहिलं नाही, मग मी त्यांचं का लिहू? तू त्याला पहिल्या दिवशी 'पावणं' म्हणालास, तर या लेखात तो पावणाच राहील.

पावण्याची अडचण साधी होती. त्यांनी केलेली चाकं चाचणीच्या वाळूत रुतून बसत होती. नवीन चाक ओतून घ्यायचं, म्हणून कुणीतरी त्यांना तुझ्याकडं धाडलं.

"चंद्रावरची जमीन कशी असती?" त्यांनी आणलेलं चाक हातात फिरवत तू विचारलंस.

"पिठासारखी बारीक धूळ, काका."

"म्हंजे राख."

"तसंच काहीसं."

"मग चाकाला दात कुठं हायत? ह्ये गुळगुळीत चाक राखंत फिरल न्हवं का, जागच्या जागी!"

दुसऱ्या दिवशी तू त्याला पन्हाळ्याखालच्या भातखाचरांत घेऊन गेलास. मीही होतो, गाडी माझी म्हणून. तिथं चिखलणी चालली होती आणि ट्रॅक्टरला ती लोखंडी पिंजऱ्यासारखी चाकं लावलेली. तू पावण्याला बांधावर उभा करून दाखवलंस, त्या चाकाची आडवी पट्टी चिखलात कशी शिरते, कशी ढकलते आणि बाहेर येताना चिखल कसा सोडून देते. पावण्याचे पांढरे बूट चिखलात गेले ते गेलेच. तू त्याला आपल्या वहाणा दिल्यास आणि कोल्हापूरपर्यंत अनवाणी आलास. हे मी विसरलेलो नाही. तू विसरला असशील, तुला तसली खोड होती.

मग तुझी सहा आठवडे धमाल. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तू परातीएवढी चाकं केलीस, त्यांना वाकडे दात बसवलेस. बिद्रीकडून साखर कारखान्याच्या बॉयलरची दोन पोती राख आणलीस आणि दुकानामागं पसरलीस. चाक ओढायला बैल मी. दोरी कमरेला बांधून मी राखेतून चालायचो, मागं डब्याचं चाक, त्यावर विटा, आणि तू खाली बसून खुणा बघणार. "सरळ चाल की रं! चंद्रावर अशी पिऊन चालल्यागत गाडी न्यायाची हाय व्हय?" शिंकून शिंकून माझं नाक हप्ताभर काळं होतं. चंद्रावरच्या गाडीत माझा वाटा विचारशील तर तो एवढाच, पण मी तो लग्नाकार्यात चांगला तासभर सांगतो.

तिसऱ्या चाकाचा दात जमला. खाली रुंद, वर निमुळता, जरासा पुढं झुकलेला. मग तू त्याचा सागवानी पॅटर्न कोरायला घेतलास. दात सगळे हातानं. त्या दिवसांत तू भेटलास की आधी तुझी चिंध्या बांधलेली बोटं दिसायची, मग तू.

पॅटर्न पुरा झाला त्या दिवशी पावणा दोन माणसांसोबत आला. संध्याकाळचे साडेपाच. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, हे तू आयुष्यात कधी चुकवलं नाहीस. वस्ती उद्यमनगरात आणि पोट जैनाचं. आजारपणातही तुझं ताट दिवे लागायच्या आधी धुवून पालथं. तू म्हणालास, "बसा तुमी पावणं, जेवून आलो." दुकान उघडं टाकून तू घरी गेलास. असली गिऱ्हाईकं तू चाळीस वर्षं दुकानात एकटी सोडलीस आणि एक खिळा कधी गेला नाही.

मी दारातच स्टुलावर होतो. त्यांनी पेटीतून हातात मावेल असं यंत्र काढलं आणि पॅटर्नच्या भोवती फिरवायला लागले. निळा उजेड पडत होता. मी विचारलं, "हे काय?" पावणा म्हणाला, "फोटोच समजा." मी त्यांना चहा सांगितला, मामा! ते तुझ्या चाकाचं माप न् माप चोरत होते आणि मी टपरीवरनं तीन स्पेशल चहा सांगितले, वर त्या यंत्राला "छान आहे हो" म्हणालो.

आठ दिवसांनी निरोप आला, डिझाइन बदललं, ओतकाम रद्द. पॅटर्न तुमच्याकडंच राहू दे. तू फडक्यात गुंडाळून तो फळीवर ठेवलास.

मग या वर्षी उन्हाळ्यात पेपरात ती मुलाखत आली. पावण्याचा मोठा फोटो, हातात चमकणारं चाक. तू चष्मा लावून फोटोच बघत बसलास. दात तुझे होते. खाली रुंद, वर निमुळते, पुढं झुकलेले. मुलाखतीत चिखलणी नाही, कोल्हापूर नाही, तू नाहीस. आणि ते वाक्य: दातांच्या कडांना दिलेला सूक्ष्म उतार हे आमच्या तज्ज्ञांच्या अनेक महिन्यांच्या संशोधनाचं फळ असून त्यामुळं चांद्रधूळ चिकटत नाही.

तू ते दोनदा वाचलंस आणि हसत सुटलास. तेवढ्यात दस्तगीर आला, समोरच्या फाउंड्रीत वाळूचे साचे करणारा मोल्डर, पन्नास वर्षांचा तुझा जोडीदार. त्याला तू वाचून दाखवलंस.

"आरं दस्तगीर, टेपर! टेपर घेतला ह्येंनी! वाळूतनं लाकूड सुटाय ठेवलेला टेपर, त्यो चंद्रावर निघाला!"

"मशिनवर कापलंय न्हवं चाक?" दस्तगीर म्हणाला. "मग टेपर कशाला?"

"संशोधन हाय त्ये!"

तुम्ही दोघं हसत होता आणि माझ्या अंगाची लाही होत होती. मी म्हणालो, मी पेपरात जातो, पॅटर्न घेऊन जातो, छापा म्हणतो.

"जाऊ दे की."

"का जाऊ दे?"

"आरं, पॅटर्नवाल्याचं नाव कवा कुणी लिवलंय? पंपावर कंपनीचं नाव असतं. इतकी वर्षं तुला त्ये दिसलं न्हाई?"

"पंप विहिरीत जातो मामा, हे चंद्रावर चाललंय!"

"मग? तितं कोण वाचाय बसलंय?"

मला उत्तरं दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना सुचतात. ऐक, याचं आता देतो: तिथं कुणी वाचायला नसेल, पण इथं मी आहे. मामी आहे. तुझ्या हाताखाली शिकून गेलेली तीस-चाळीस माणसं आहेत. आम्हाला वाचायचं होतं.

आणि मग तुझं हसणं थांबलं. आठवतं? तू कात्रण परत हातात घेतलंस आणि म्हणालास, "आज्या, ह्येंनी लाकूड मोजलंय. लाकडात श्रिंकेज हाय. ॲल्युमिनियमचं, शंभर मिलीला सव्वा मिली. चाक मोठं झालं असणार ह्येंचं. कुठंतरी घासणार."

मला इतका आनंद झाला की मी तुला मिठी मारली. ते शिकलेले लोक आणि मी एकाच चुकीत! माझ्या कपाटाची फट, त्यांचं घासणारं चाक. "घासू दे!" मी म्हणालो. "बोंबलू दे त्यांना. देवानं न्याय केला."

"फोन लाव त्येला."

"मी नाही लावत."

"आरं पोरांची चार वर्षांची मेहनत हाय. चाकापायी बसंल की गाडी."

"बसू दे."

तुला मोबाइलवर नंबर शोधता यायचा नाही आणि पावण्याचा नंबर फक्त माझ्याकडं होता. देवानं माझ्या हातात आयुष्यात एवढीच एक सत्ता दिली, ती मी पुरेपूर वापरली. आज मला कामाची गर्दी होती, काल रेंज नव्हती, परवा त्यानं उचललाच नाही. तू रोज विचारायचास. मी रोज नवी गोष्ट सांगायचो. तीस वर्षं घरातल्या लग्नांत गोष्टी सांगून मिळवलेलं कसब मी त्यावर खर्च केलं.

मग तुझ्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात चौथ्या दिवशी तोंडावरचं नळकांडं बाजूला करून तू विचारलंस, "केलास फोन?"

मी म्हणालो, "केला."

"सांगितलंस? सव्वा?"

"सांगितलं. थँक्यू म्हणाला. तुझी चौकशी करत होता."

थँक्यू मी पदरचं घातलं, मामा. गोष्ट चांगली व्हावी म्हणून. तू मान हलवलीस, हसलास आणि डोळे मिटलेस. त्यानंतर तू बोललास ते फक्त पाणी मागायला.

मला वाटलं होतं, हे मी कुणालाच सांगणार नाही. पण तू गेल्यावर सहाव्या दिवशी सकाळी पावणा दारात उभा राहिला.

त्याला कुणी कळवलं माहीत नाही. आत चटईवर मामी, दस्तगीर, मी आणि फाउंड्रीतली पाच-सहा माणसं. पावण्यानं तुझ्या फोटोला हात जोडले, बसला. "फार वाईट झालं," म्हणाला. "काका म्हणजे..." आणि रुमाल काढून कपाळ पुसायला लागला. मला बरं वाटलं. मग हळूच माझ्याकडं सरकून म्हणाला, "ही वेळ नाही, कळतंय मला. पण काका चाकाबद्दल काही बोलले होते का? गाडी दुमडून आत ठेवताना चाकं घासतात. तीन-चार मिलीमीटरचा फरक येतोय. आम्ही स्कॅनर तीन वेळा तपासला."

मी तुझ्या फोटोकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं आणि म्हणालो, "नाही. काहीच बोलला नाही."

काय गोड वाटलं म्हणून सांगू! उसाचा पहिला रस तसा लागत नाही.

मामी भिंतीला टेकून बसली होती. तिनं पदरानं नाक पुसलं आणि पावण्याला म्हणाली, "तुमीच का त्ये चाकवाले?"

"हो, काकू."

"मग एक काम करा माझं." ती उठली, तुझ्या कपाटातनं ते कात्रण घेऊन आली. "माझा चष्मा घावंना. ह्ये वाचून दाखवा. मोठ्यानं. ह्येंच्या फोटूम्होरं."

चष्मा तिच्या गळ्यात दोरीला होता. सगळ्यांना दिसत होता.

पावण्यानं कात्रण घेतलं. स्वतःचा फोटो बघितला. "काकू, हे..."

"वाचा की."

तो वाचायला लागला. शाळेत उभं करून धडा वाचायला लावावा तसा. आमच्या कंपनीनं, आमच्या चमूनं, आमच्या कल्पनेतून. तुझ्या घरात, तुझ्या चटईवर, प्रत्येक 'आमच्या'ला त्याचा आवाज एक पायरी उतरत होता. दातांच्या कडांना दिलेला सूक्ष्म उतार, हे वाचून तो थांबला.

"पुढं," मामी म्हणाली.

"हे आमच्या तज्ज्ञांच्या अनेक महिन्यांच्या संशोधनाचं..."

तेवढ्यात दस्तगीर हसला. सहा दिवस तो माणूस एक शब्द बोलला नव्हता आणि आता तोंडावर टॉवेल दाबून गदागदा हसत होता. त्याच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. मग दुसरा मोल्डर हसला, मग तिसरा. सुतकाच्या घरात सात माणसं हसतायत आणि पावणा हातात कागद घेऊन बसलाय.

दस्तगीरनंच मग त्याला सांगितलं, टॉवेलानं तोंड पुसत. "साहेब, टेपर धुळीसाठी नसतोय. लाकूड वाळूतनं वर याय ठेवत्यात त्यो. आमच्या इतं नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगत्यात."

पावण्याचे कान लाल झाले. मी ते लाल कान डोळे भरून बघितले. मामा, तू असतास तर मध्ये पडला असतास, चहा मागवला असतास, "त्येंना तरी कसं कळायचं" म्हणाला असतास. बरं झालं तू नव्हतास. हे मी पहिल्यांदाच म्हणतोय आणि एवढ्याच बाबतीत.

"मी चुकलो," तो म्हणाला. "पुढच्या वेळी काकांचं नाव येईल. मी बघतो."

"नावाचं ऱ्हाऊ दे," मामी म्हणाली. "आजवर न्हवतं तुमच्या तोंडात, आता कशाला. टेपर कशापायी असतोय तेवढं खरं छापा." मग ती माझ्याकडं वळली. "आणि आजित, तू ह्यास्नी फोन केलतास न्हवं? दवाखान्यात ह्येंनी इचारलं तवा तू केला म्हणालास. मी बसलेली उशाला."

पावणा म्हणाला, "मला नाही आला फोन."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझे कान किती लाल झाले ते मला दिसलं नाही. दस्तगीर सांगतो की पावण्यापेक्षा जास्त.

"त्यांचा निरोप हाय त्यो," मामी म्हणाली. "सांग."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी अडून बसलो असतो. मग मी सांगितलं. लाकूड मोजलंत, लाकूड वाढीव असतं, शंभराला सव्वा कमी करा. माझ्या आयुष्यातली सगळ्यात छोटी गोष्ट. पावण्यानं मोबाइलवर गणित केलं, परत केलं, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. जाताना त्यानं दारात माझे पाय धरायला वाकल्यासारखं केलं. मी पाय मागं घेतले.

तर तुझा निरोप पोचला, मामा. उशिरा पोचला. चाक आता घासणार नाही. गाडी चंद्रावर जाईल, राखेतून नीट चालेल आणि तुझे दात तिथं खुणा उठवतील. त्याबद्दल तुला जो आनंद व्हायचा तो होऊ दे. मला झालेला नाही. मी अजून पेपर रोज उघडून बघतो, टेपरबद्दल काही आलंय का. आलेलं नाही. कंपनीला विचारावं लागेल, असा त्याचा दोन ओळींचा मेसेज आलाय.

त्यांनी विचारत बसावं. मी कुणाला विचारणार नाही, तुलाही नाही. चंद्रावर निघालेल्या त्या चाकाचे दात भूपाल आदगोंडा मगदूम, पॅटर्नमेकर, उद्यमनगर, यांनी सागवानात हातानं कोरले. ज्याला खोटं वाटतं त्यानं कोल्हापुरात यावं, पॅटर्न मामीच्या कपाटात आहे, तो दाखवला जाईल. मोजायला मिळणार नाही.

हे छापून आल्यावर तू काय म्हणाला असतास मला माहीत आहे. म्हणायला यायचं होतंस. पण दवाखान्यातल्या त्या 'केला'बद्दल तू मला काय म्हणाला असतास, ते मला खरंच माहीत नाही, मामा. तू माझ्यावर कधी चिडलाच नाहीस, त्यामुळं तुझा तसला आवाज माझ्याकडं नाही. रोज अंदाज बांधून बघतो. एकही तुझा वाटत नाही.